सुटी, सायकल आणि रात्रीचा मुक्काम

उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस जवळ येऊ लागले की पगारदार माणसाच्या घरी एक हिशेब मांडला जातो. रेल्वेचे आरक्षण मिळेल काय, हॉटेलचे भाडे परवडेल काय, की नातेवाइकांकडे चार दिवस काढून परतावे, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता सुटीचा निम्मा उत्साह संपतो. पुष्कळदा हिशेब जुळत नाही आणि सुटी घरीच सरते. या हिशेबाबाहेर राहून सुटी घालविणारा एक प्रवासी अलीकडे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागला आहे. सायकलीच्या कॅरिअरला दोन बाजूंनी दोन पिशव्या, त्यांवर गुंडाळलेला तंबू आणि पथारी, पुढे पाण्याची बाटली, एवढाच त्याचा सरंजाम असतो. त्याची संख्या थोडी आहे आणि लोक त्याच्याकडे कौतुकाने किंवा कीव करीत पाहतात. परंतु त्याच्यामुळे उपस्थित होणारा प्रश्न कौतुकाचा वा किवेचा नाही. थोड्या पैशांत आणि स्वतःच्या बळावर आपला मुलूख पाहण्याची सोय सामान्य माणसाला असावी की नसावी, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर सायकलीच्या किमतीत सापडत नाही. दिवस मावळल्यावर पाठ कोठे टेकायची, यावर ते अवलंबून आहे.

सायकलप्रवासाचे गणित साधे आहे. सामान लादलेल्या सायकलीवर सरावाचा माणूस दिवसाला ६० ते ८० किलोमीटर जातो. वाटेत घाट असला तर ४० किलोमीटरही पुरे होतात. पहाटे निघावे, ऊन चढण्यापूर्वी निम्मे अंतर तोडावे, दुपारी एखाद्या देवळाच्या सभामंडपात पडावे आणि उन्हे कलल्यावर उरलेला टप्पा गाठावा, असा हा क्रम असतो. कोकणच्या किनाऱ्याचे उदाहरण घेता येईल. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग जागोजाग खाड्यांनी तोडलेला आहे. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी तरीतून पलीकडे जाण्याची सोय आहे. तरीची वाट पाहणे ही मोटारवाल्याला खोटी वाटते, सायकलवाल्याला ती विश्रांती असते. वाटेतला प्रत्येक चढ त्याच्या पायांना कळतो आणि प्रत्येक गावातल्या चहाची चव त्याच्या जिभेला. मात्र साठाव्या किलोमीटरला जे गाव येईल तेथेच त्याला थांबावे लागते. मोटारवाला निवारा मिळाला नाही तर आणखी शंभर किलोमीटर जाऊ शकतो. सायकलवाल्याला ती मुभा नाही. म्हणून रात्रीचा मुक्काम हा त्याच्या प्रवासातील कळीचा प्रश्न ठरतो.

सायकल ही आपल्याकडे काही चैनीची वस्तू नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर, मोटारसायकल वा मोपेड असणारी कुटुंबे २१ टक्के आणि मोटार असणारी ४.७ टक्के होती. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यातला कामगार, पेढीवरचा कारकून, महाविद्यालयातला प्राध्यापक आणि त्याचा विद्यार्थी एकाच रस्त्याने सायकलीवर जात. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत आणि डबलसीट जाणाऱ्यांना दंड होई. ज्या वाहनासाठी एवढे नियम करावेसे वाटले, त्याला शहराच्या जीवनात काही स्थान होते असाच याचा अर्थ. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल दामटावी, गड चढून रात्र वर काढावी आणि रविवारी संध्याकाळी घरी यावे, हा बेत त्या काळी कोणाला धाडसाचा वाटत नसे. रोजच्या सायकलीचीच ती दोन दिवसांची सहल असे. पुढे रोजची सायकल गेली आणि तिच्याबरोबर ही सहलही गेली.

सुटीचा खर्च मोजण्याची नेहमीची पद्धत अपुरी आहे. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या छोट्या पुस्तकात एक मार्मिक हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस मोटारीत जेवढा वेळ बसतो, त्यात त्याने मोटारीचे हप्ते, पेट्रोल, विमा, कर आणि दंड भरण्यासाठी काम करण्यात घालविलेला वेळ मिळविला, तर वर्षाचे १,६०० तास होतात. एवढ्या तासांत तो ७,५०० मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो. आकडे अर्धशतकापूर्वीचे आणि परदेशातले आहेत. परंतु हिशेबाची रीत आजही लागू पडते. प्रवासाला लागलेल्या वेळात त्या प्रवासाचे पैसे मिळविण्यासाठी लागलेला वेळही धरला पाहिजे, हे तिचे सार आहे.

हीच रीत सुटीला लावून पाहावी. समजा, एका शिक्षकाच्या हाती महिन्याला ४५,००० रुपये येतात, म्हणजे दिवसाला १,५०० रुपये. चौघांच्या कुटुंबाने मोटार आणि हॉटेल घेऊन चार दिवसांची सहल केली आणि ३६,००० रुपये खर्च झाले, तर त्या चार दिवसांसाठी त्याने चोवीस दिवस राबले असे होते. त्याच शिक्षकाने मुलाला बरोबर घेऊन सहा दिवस सायकलीवर काढले आणि जेवण, तर, दुरुस्ती व किरकोळ मुक्काम यांवर ४,५०० रुपये वेचले, तर सहा दिवसांच्या सुटीला तीन दिवसांचे काम पुरते. तंबू, पिशव्या आणि पथारी यांचा खर्च एकदाच होतो व अनेक वर्षांवर वाटला जातो. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पहिल्या प्रकारात सुटी ही कामाची फेड होऊन बसते आणि दुसऱ्या प्रकारात ती खरोखर सुटी राहते.

ज्यांना भरपगारी रजा आहे त्यांची ही गोष्ट झाली. परंतु महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाला मे महिन्याचा पगारच नसतो. कंत्राटावर घेतलेल्या कारकुनाची रजा म्हणजे बुडालेली रोजंदारी असते. विद्यार्थ्याजवळ वेळ असतो, पैसे नसतात. रजा-प्रवास सवलतीचा लाभ कायम नोकरदारापुरता आणि तोही तिकीट दाखविल्यावर मिळतो. ज्याच्या प्रवासाला तिकीटच लागत नाही, त्याची या व्यवस्थेत नोंद होण्याचा मार्ग नाही. सायकल आणि तंबू हा या मंडळींचा छंद असेल किंवा नसेल. पुष्कळांच्या बाबतीत घराबाहेर पडून आठवडाभर हिंडण्याचा तेवढाच मार्ग परवडणारा आहे.

स्वस्त सुटी आणि सायकल यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलप्रवाशांचा क्लब स्थापन झाला, तेव्हा त्याच्यापुढील पहिल्या प्रश्नांमध्ये मुक्कामाचा प्रश्न होता. क्लबने गावोगावच्या खानावळी व पथिकाश्रमांशी दर ठरवून घेतले आणि अशा घरांच्या दारावर पंख असलेल्या चाकाची पाटी लावली. ती पाटी पाहून धुळीने माखलेला प्रवासी निःशंक आत जाई. ज्यांना तेवढाही खर्च नको होता त्यांची वाट टॉमस हायरम होल्डिंग या लंडनमधील शिंप्याने काढली. सायकलीवर नेता येईल असा हलका तंबू शिवून त्याने १८९७ मध्ये आयर्लंडचा प्रवास केला, पुढल्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबूप्रवास करणाऱ्यांची संघटना सुरू झाली. तंबूत राहून सुटी घालविण्याच्या आजच्या साऱ्या प्रघाताचे मूळ या शिंप्याच्या कापडात आहे. त्याच संघटनेच्या आजच्या नावात कारवाँ आहे, सायकल मात्र उरलेली नाही. एका शतकात सुटीचे काय झाले याची कल्पना येण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.

फ्रान्सचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. जून १९३६ मध्ये तेथील लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशा लाखो लोकांच्या हाती एकाएकी पंधरा दिवस आले. मात्र खिशात पैसे नव्हते. क्रीडा आणि विरंगुळा यांचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांना तेवढेही भाडे परवडेना ते सायकलीवर, जोडप्याने चालवायच्या टँडेमवर, पाठीशी तंबू बांधून निघाले. त्या उन्हाळ्याची छायाचित्रे फ्रेंच लोकांच्या स्मृतीत आजही आहेत. रजा देणे ही अर्धी गोष्ट झाली आणि रजा उपभोगण्याची सोय करणे ही उरलेली अर्धी, हे त्या सरकारला उमगले होते.

त्याआधीची एक हकीकत शिक्षकवर्गाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिखार्ड शिर्मान हा जर्मन शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळी पावसात सापडला. रात्र एका खेडेगावच्या शाळेत काढावी लागली. बाहेर विजा कडाडत असताना त्याच्या मनात विचार आला की, सुटीच्या दिवसांत देशभर शाळांच्या इमारती रिकाम्या पडलेल्या असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मुले हिंडायला मोकळी असतात. तर एक दिवसाच्या चालीच्या अंतरावर एकेक शाळा मुक्कामासाठी खुली का करू नये? त्याने आपल्या शाळेपासून आरंभ केला आणि १९१२ मध्ये अल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उघडले. जगभर पसरलेल्या यूथ हॉस्टेल चळवळीचा जन्म असा रिकाम्या वर्गखोलीतून झाला. भारतातही या चळवळीची संघटना १९४९ पासून काम करीत आली आहे. परंतु देशाच्या विस्ताराच्या मानाने तिची वसतिगृहे फार विरळ आहेत. एका दिवसाच्या सायकलीच्या अंतरावर दुसरे वसतिगृह सापडेल, अशी स्थिती कोठेच नाही.

खरे पाहता महाराष्ट्राला मुक्कामाची कल्पना बाहेरून आणण्याचे कारण नाही. आषाढी वारीत लाखो माणसे तीन आठवड्यांच्या आसपास रस्त्यावर असतात आणि रोज संध्याकाळी कोठे ना कोठे त्यांचा तळ पडतो. राहुट्या उभारल्या जातात, ज्यांच्याजवळ राहुटी नाही ते शाळेच्या व्हरांड्यात, देवळात, घरांच्या ओट्यावर पथाऱ्या टाकतात. आजचा टप्पा किती आणि मुक्काम कोठे हे पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. अलीकडे नाशिक, पुणे आणि इतर शहरांतून आषाढीच्या आधी सायकलींवरूनही माणसे पंढरपूरला जाऊ लागली आहेत, ही त्याच परंपरेची नवी शाखा मानावी लागेल. धर्मशाळा, तिच्यालगतची विहीर आणि वडाचा पार ही तर आपल्याकडील वाटसरूची जुनीच व्यवस्था. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. असे प्रवास परक्या माणसाला रात्रीपुरते आत घेणारी घरे आणि गावे असतात म्हणूनच होतात.

आजची स्थिती काय आहे? वाटेवरच्या जुन्या धर्मशाळांपैकी पुष्कळ पडल्या किंवा त्यांच्या जागी गाळे उभे राहिले. देवस्थानांची भक्तनिवासे चांगली आहेत, परंतु अनेक ठिकाणी एकट्या माणसाला खोली मिळत नाही. कुटुंब असावे लागते. लॉजचा मालक सायकल आत घेऊ देत नाही आणि बाहेर ठेवली तर तिची हमी देत नाही. संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, राखीव जंगलात तंबू ठोकता येत नाही; या दोन्ही बंधनांना सबळ कारणे आहेत. किनाऱ्यावर तंबू लावावा तर कोणाची परवानगी घ्यावयाची हे गावात कोणालाच सांगता येत नाही. याउलट पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री तंबूंची रांग लागते. तेथे तंबू आधीच उभा असतो, जेवण तयार असते, ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असतात आणि येणारा मोटारीतून येतो. स्वतः तंबू वाहून आणणाऱ्याला त्या रांगेतही सहसा जागा नसते, कारण त्याच्याकडून मिळण्यासारखे काही नसते. मोकळ्या आभाळाखाली झोपणे हीदेखील विकत घेण्याची वस्तू झाली आहे.

शासनाच्या दृष्टीतून हा प्रवासी निसटतो याचेही कारण असेच आर्थिक आहे. पर्यटनाची मोजणी हॉटेलांतील मुक्काम, विमानतळावरील उतारू आणि दरडोई खर्च यांवरून होते. जो थोडा खर्च करतो तो या मोजणीत क्षुल्लक ठरतो. परंतु पैसा किती खर्च झाला याइतकेच तो कोठे राहिला हेही महत्त्वाचे असते. हॉटेलच्या बिलातला मोठा भाग शहरातल्या मालकाकडे, आरक्षण करून देणाऱ्या कंपनीकडे आणि पेट्रोलच्या पंपाकडे जातो. सायकलवाला दिवसाकाठी तीन-चारशे रुपये खर्चील. पण ते चहाच्या टपरीवर, घरगुती खानावळीत, किराणा दुकानात आणि पंक्चर काढणाऱ्याकडे जातात. शिवाय मोटारीतला पर्यटक ज्या गावांतून न थांबता निघून जातो, नेमक्या त्याच गावांत सायकलवाल्याला थांबावे लागते. बेल्जियममधील लिंबर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर त्या मुलखाला सावरण्यासाठी ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून सायकलमार्गांचे जाळे आखले गेले. वाटा जेथे मिळतात त्या प्रत्येक नाक्याला क्रमांक दिला; प्रवाशाने क्रमांकांची यादी खिशात ठेवून निघावे, अशी ही योजना १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढे शेजारच्या नेदरलँड्सनेही उचलली. तिला मोठे भांडवल लागले नव्हते. पाट्या, किरकोळ दुरुस्त्या आणि सायकलस्वारही पर्यटकच आहे ही मान्यता, एवढ्यावर ती उभी राहिली.

महाराष्ट्रात काय करता येईल, याचा विचार शिर्मानच्या वर्गखोलीपासून सुरू करावा. जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत त्या बंद असतात. निवडणूक आली म्हणजे त्यांचे मतदानकेंद्र होते आणि पूर आला म्हणजे निवारा होतो. तेव्हा शाळेची इमारत इतर सार्वजनिक कामास वापरू नये असे काही तत्त्व नाही. शाळेचा व्हरांडा किंवा आवारातील तंबूपुरती जागा, पाणी आणि स्वच्छतागृह, एवढे एका रात्रीसाठी माफक शुल्क घेऊन दिले, तर सायकलप्रवाशाची मुख्य अडचण दूर होते. यावर पहिला आक्षेप शिक्षकांकडूनच येईल आणि तो रास्त आहे. जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहार आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली दबलेल्या मुख्याध्यापकाने आता प्रवाशांची नोंदवहीही ठेवावयाची काय? तसे मुळीच होता कामा नये. हे काम ग्रामपंचायतीने गावातील बचतगटाकडे द्यावे. बचतगटाने नोंद करावी, ओळखपत्र पाहावे, जेवणाचे पैसे घ्यावेत आणि सकाळी आवार झाडून घ्यावे. शुल्काचा एक वाटा शाळेच्या देखभालीला मिळावा. असे केले तर सोय फुकट राहणार नाही आणि तिचा बोजाही कोणावर पडणार नाही.

दुसरा आक्षेप घाणीचा आणि दांडगाईचा. तोही खोटा नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर हलका तंबू टाकून राहण्याचा हक्क सर्वांना दिला. त्याबरोबर माणसे थोडी असावीत, एका जागी दोन-तीन रात्रींहून अधिक राहू नये, मागे काही ठेवू नये, अशी आचारसंहिताही घातली. तरीही लोख लोमंड सरोवराच्या काठी कचरा आणि दंगा इतका वाढला की, तेथे परवान्याची अट घालावी लागली. यातून हक्क देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. जेथे गर्दी तेथे नियम आणि जेथे विरळ वर्दळ तेथे मोकळीक, असा विवेक करावा लागतो एवढेच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण मंजूर केले. मोटारीत झोपणाऱ्या पर्यटकाची सोय ज्या शासनाला सुचते, त्याला सायकलीशेजारी झोपणाऱ्याची सोय सुचणे अवघड नसावे.

मुक्कामाची अडचण स्त्रियांच्या बाबतीत दुप्पट होते. १९९० नंतरच्या काळात तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या लक्षणीय वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. मुलीच्या हाती सायकल आली की तिच्या हालचालीचा परीघ वाढतो, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. परंतु तो परीघ सूर्यास्तापाशी संपतो. महाविद्यालयातील चार मैत्रिणी सायकलींवर गणपतीपुळ्यापर्यंत जाऊ म्हणाल्या, तर घरचा पहिला प्रश्न ‘रात्री कोठे राहणार?’ हाच असेल. ‘गावच्या शाळेत, बचतगटाच्या बायका असतात’ असे उत्तर देता आले, तर पुष्कळ घरांतून परवानगी मिळेल. आज तिला सांगण्यासारखे उत्तर नाही.

मुक्कामापर्यंत सुखरूप पोचणे ही अर्थात त्याआधीची अट आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांत पादचारी आणि सायकलस्वार हजारोंच्या संख्येने होते. रस्ता रुंद करताना दोन्ही कडांना हातभर डांबरी पट्टी सोडली, तर सायकलस्वाराला ट्रकच्या वाटेतून बाजूला होता येते. बहुतेक ठिकाणी डांबर जेथे संपते तेथे वीतभर खोल कड असते आणि पुढे खडी. रुंदीकरणात वाटेवरची वडा-चिंचेची झाडे गेली, त्यामुळे सावलीही गेली. रेल्वेने सायकल न्यावी तर ती सामानाच्या डब्यात नोंदवावी लागते, आणि लहान स्थानकावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबत असल्याने तेथे ती उतरविणे दुरापास्त होते. पूर्वी एसटीच्या टपावर पोत्यांबरोबर सायकलही चढे. नव्या गाड्यांना तसा टप नाही. घाट एसटीने चढून पुढे सायकलीने जाणे, हा मध्यमवयीन माणसाला झेपणारा मार्ग त्यामुळे बंद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे ठीकच झाले. पण सायकल स्वस्त झाली तरी ती चालवायची कोठे, हा प्रश्न कर कमी करून सुटत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सायकलसहल हे लाखालाखाच्या सायकली घेणाऱ्या शहरी हौशी लोकांचे खूळ आहे आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा कशाला खर्च करावा? सायकलस्वारांत दोन वर्ग पडले आहेत हे खरे. एक गरजेपोटी काळी सायकल चालवितो आणि दुसरा प्रकृतीसाठी रंगीत पोशाख करून पहाटे निघतो. पहिल्याचे मत कोणी विचारीत नाही आणि दुसऱ्याचे छायाचित्र छापून येते. परंतु रस्त्याच्या कडेची जी पट्टी हौशी प्रवाशाला हवी, तीच औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराला आणि शाळेला जाणाऱ्या मुलीला हवी आहे. जो निवारा सहलीवरच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल, तोच नर्मदा परिक्रमा करणाऱ्याला आणि वारकऱ्यालाही पडेल. या गोष्टी एकाने वापरल्या म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाहीत. अशाच गोष्टींवर सार्वजनिक पैसा खर्च करावयाचा असतो. कारण बाजार त्या निर्माण करीत नाही. लाखाच्या सायकलीचीही येथे गरज नाही. होल्डिंगच्या सायकलीपेक्षा आजची साधी बाजारातली सायकल कितीतरी चांगली आहे.

यासाठी मोठी योजना, महामंडळ वा उद्‌घाटन समारंभ यांची आवश्यकता नाही. एखाद्या जिल्हा परिषदेने किनाऱ्यालगतच्या किंवा घाटमाथ्यावरच्या एका मार्गावर दर ५० किलोमीटरला एक याप्रमाणे सहा-सात शाळा निवडाव्यात, येत्या मे महिन्यात त्या प्रवाशांना खुल्या कराव्यात, दारावर पाटी लावावी आणि महिनाअखेर हिशेब मांडावा. किती माणसे आली, बचतगटाला काय मिळाले, शाळेचे काही नुकसान झाले काय, हे त्या हिशेबात दिसेल. तोट्याचे निघाले तर प्रयोग थांबविता येईल. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संघटनांनी ही मागणी उचलून धरावी, कारण रिकामी शाळा आणि रिकामा महिना या दोहोंशी सर्वांत निकटचा संबंध त्यांचाच आहे. रजा मिळविण्यासाठी नोकरदारवर्गाने दीर्घ काळ झगडा केला. मिळालेली रजा कशी घालवावी हे आज त्याच्यासाठी बाजार ठरवितो. तो निर्णय पुन्हा आपल्या हाती घेण्यास सायकल आणि तंबू आरंभापुरते पुरेसे आहेत. फक्त साठाव्या किलोमीटरला एक दार उघडे असले पाहिजे.